दुकानात दहा टक्के, कारखान्यात साठ

आमच्या कारखान्यात मंदी आधी डिस्पॅचला येते. ट्रक कमी लागायला लागतात. मग गोडाऊन भरतं, मग बाहेर भाड्याचं गोडाऊन घेतलं जातं, आणि तेही भरलं की कँटीनच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून फ्रिजची खोकी रचायला सुरुवात होते. शेडमध्ये खोकी दिसली की जुनी माणसं काही बोलत नाहीत, पण त्या महिन्यात कुणी नवीन कर्ज काढत नाही.

मी प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये आहे. कुठलं मॉडेल, कुठल्या दिवशी, किती, हे मी ठरवते असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात वरून आलेला आकडा लाइनला झेपेल अशा तुकड्यांत वाटून देणं एवढंच माझं काम. त्याआधी ट्रेनी म्हणून असेंब्ली लाइनवर होते, त्यामुळे एक्सेलमधल्या कुठल्या रकान्यामागे कोण उभं आहे हे मला तोंडपाठ होतं. गेल्या कामगार-कपातीच्या वेळी याचा त्रासच झाला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा थेट ऑफिसात भरती झालेला, त्याला लाइनवरची एक जागा, ‘स्टेशन ३१’, दिसायची. मला स्टेशन ३१ वरचे काका दिसायचे.

आता पुन्हा शेडमध्ये खोकी आली आहेत, म्हणून हे लिहायला घेतलंय. कपातीबद्दल जे बोललं जातं त्यात दोनच बाजू असतात. एक म्हणते मंदी आहे, कंपनी तरी काय करणार. दुसरी म्हणते मालक लोभी आहेत. माझ्या टेबलावरून तिसरंच काहीतरी दिसतं, आणि ते आकड्यांतच सांगता येईल.

लाइनवर किती माणसं लागणार हे काढायची रीत सोपी आहे. शिफ्टमधून चहा-जेवणाची सुट्टी वजा केली की ४५० मिनिटं उरतात, म्हणजे २७,००० सेकंद. शिफ्टला ९०० फ्रिज काढायचे असतील तर दर ३० सेकंदांना एक फ्रिज लाइनवरून उतरला पाहिजे. याला टाक्ट टाइम म्हणतात. समजा एका फ्रिजच्या जोडणीत सगळं मिळून २,४०० सेकंदांचं हातकाम आहे. त्याला ३० ने भागलं की ८० माणसं. आता प्लॅन ६०० वर आला. टाक्ट झाला ४५ सेकंद. २,४०० भागिले ४५ म्हणजे त्रेपन्नच्या थोडं वर, धरा ५४. झालं. २६ माणसं ‘सरप्लस’. एवढं गणित करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही, आणि यादीचा जन्म इथे होतो. एचआरकडे ती फार नंतर जाते.

हे गणित कागदावर बरोबर असलं तरी लाइनवर चुकतं. फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यात आणि आतल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात जी पोकळी असते, तिच्यात फोमचं द्रावण सोडतात. ते फुगून घट्ट होईपर्यंत अख्खी कॅबिनेट साच्यात दाबून धरावी लागते, नाहीतर पत्रा पोटासारखा बाहेर येतो. साच्याला मंदी कळत नाही. तिथे ९०० फ्रिजनाही दोन माणसं लागतात आणि ६०० फ्रिजनाही दोनच. गळतीच्या चाचणीचं तसंच, पॅकिंगच्या स्ट्रॅपिंग मशिनचं तसंच. त्यामुळे ५४ च्या जागी खरी गरज ५८-५९ ची असते. पण भागाकाराचं उत्तर ५४ आलेलं असतं आणि तेच वर गेलेलं असतं. उरलेली चार-पाच माणसांची कामं बाकीच्यांत ‘ॲडजस्ट’ होतात. म्हणजे कुणीतरी दरवाजाचे बिजागर बसवता बसवता तीन पावलं मागे जाऊन शेल्फचा ट्रेही भरतं. दिवसभर. ती तीन पावलं कुठल्याही शीटवर नसतात.

बरं, पण ९०० चे ६०० झाले कशामुळे? दुकानात विक्री एक तृतीयांशाने पडली होती का? नव्हती. हेच मला त्या वेळी कुणी समजावून सांगायला तयार नव्हतं. एका रविवारी घरी बसून वहीवर मांडलं, ते असं.

एक डीलर महिन्याला १०० फ्रिज विकतो आणि दोन महिन्यांचा माल, म्हणजे २००, जवळ ठेवतो. मंदीत त्याची विक्री ९० वर आली. आता दोन महिन्यांचा माल म्हणजे १८०. जवळ २०० आहेत, २० जास्त झाले. म्हणून या महिन्यात तो ९० ऐवजी ७० च मागवतो. त्याच्यावर डिस्ट्रिब्यूटर. तो एक महिन्याचा माल ठेवतो, १००. त्याला दिसतं की मागणी १०० वरून ७० वर आली. त्याला विक्री दिसत नाही, फक्त ऑर्डर दिसते. तो घाबरून आपला साठाही ७० वर आणायचं ठरवतो. १०० मधले ७० दिले, ३० उरले, आता ७० व्हायला ४० हवेत. कारखान्याला ऑर्डर येते ४० ची.

दुकानात १०० चे ९० झाले. कारखान्यात १०० चे ४०.

पुढच्या महिन्यात डीलरचा साठा जागेवर आलेला असतो, तो सरळ ९० मागवतो. डिस्ट्रिब्यूटरला वाटतं मागणी परत वाढली. त्याला साठा ७० वरून ९० वर न्यायचाय, तो ११० मागवतो. म्हणजे कारखान्याला ओळीने १००, ४०, ११०, मग ९०. गिऱ्हाईक बिचारं तेव्हाही ९०, आताही ९०. व्यवहारात हे इतक्या झटक्यात होत नाही. साठा उतरायला दोन-तीन तिमाह्या जातात, मधे वाहतुकीचे आठवडे असतात, कुणी स्कीमच्या नादाने आधीच जास्त भरून ठेवलेलं असतं. पण आकार हाच. पुरवठा साखळीच्या पुस्तकांत याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात आणि मॅनेजमेंटच्या कोर्सला हे सगळ्यांना शिकवतात. परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

नंतर वाचताना कळलं की हे कोडं पहिल्यांदा सुटलं तेच मुळी आमच्यासारख्या कारखान्यांच्या बाबतीत. अमेरिकेत जे (Jay) फॉरेस्टर नावाचे एक इंजिनिअर होते. कॉम्प्युटरच्या मॅग्नेटिक कोअर मेमरीवर त्यांनी केलेलं काम मोठं. १९५६ मध्ये ते एमआयटीच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये गेले. तिथे त्यांची गाठ जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांशी पडली. त्यांचे केंटकीतले घरगुती उपकरणांचे कारखाने कधी तीन-चार शिफ्टमध्ये धावायचे, आणि काही वर्षांतच निम्म्या लोकांना घरी बसवायची वेळ यायची. बाजाराचं चक्र, दुसरं काय, असं सगळे म्हणत. फॉरेस्टरना ते पटेना. त्यांनी त्या लोकांना विचारलं, भरती किती करायची आणि माल किती ठेवायचा हे तुम्ही ठरवता कसं? उत्तरं घेऊन वहीत रकाने आखले: साठा, कामगार, ऑर्डरी. आठवड्यामागून आठवडा पेन्सिलीने हिशोब करत गेले. बाहेरून येणारी मागणी अगदी सपाट धरली तरी कामगारांची संख्या वरखाली होतच राहिली. हेलकावे कारखान्याच्या स्वतःच्याच निर्णयांतून येत होते. त्या पेन्सिलीच्या हिशोबातून पुढे सिस्टिम डायनॅमिक्स नावाची अख्खी शाखा निघाली.

मी हे आमच्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे.” आमच्याकडे ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे फाइल बंद.

साहेबांची बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. फ्रिज ही पुढे ढकलता येणारी वस्तू आहे. एकदा घेतला की दहा-बारा वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. ज्या घरात आधीच एक आहे तिथे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं अगदी सोपं. नवीन घरं विकली जात नाहीत तेव्हा नवीन स्वयंपाकघरंही लागत नाहीत. त्यात गोडाऊनमध्ये पडलेला प्रत्येक फ्रिज म्हणजे अडकलेला पैसा: पत्रा, तांबं, कॉम्प्रेसर यांची बिलं चुकती करायचीच, वर बँकेचं व्याज आणि गोडाऊनचं भाडं. वीजवापराच्या रेटिंगचे नियम बदलले तर तोच माल एका रात्रीत जुना होतो. अशा वेळी प्लॅन न कापणारा मॅनेजर महिनाअखेरीच्या रिव्ह्यूला टिकणार नाही. साखळीतला प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागत असतो आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज होऊन लाइनवरची माणसं जातात.

एक गंमत सांगते. त्या काळात आमच्या आवारात एकाच विभागाला ओव्हरटाइम होता. स्पेअर पार्ट्स. लोक नवीन फ्रिज घेत नव्हते, जुना दुरुस्त करत होते. दरवाजाची गॅस्केट, थर्मोस्टॅट, कॉम्प्रेसरचा रिले, वॉशिंग मशिनचा ड्रेन पंप, यांच्या मागणीला खळ नव्हता. असेंब्लीतल्या काही जणांना तिकडे हलवता येईल असं मी सुचवलं. स्पेअर्सचं बजेट वेगळ्या खात्यातून येतं, असं उत्तर मिळालं.

आता कोण कसं गेलं ते. यादी ही शेवटची पायरी. त्याआधी ओव्हरटाइम बंद होतो, आणि ज्यांचं घर ओव्हरटाइमवर चालतं त्यांची मंदी तिथेच सुरू होते. मग तिसरी शिफ्ट जाते. मग कंत्राटी कामगार. त्यांची कपात झाली असं कुणी म्हणत नाही. कंत्राटदाराला संध्याकाळी फोन जातो, “उद्यापासून एवढीच माणसं पाठवा.” सकाळी गेटवर ज्याचं नाव पुकारलं नाही तो परत जातो. नोटीस नाही, हिशोब नाही, टाळ्या आणि पुष्पगुच्छही नाही. आमच्याकडे एकूण जितकी माणसं कमी झाली त्यातली निम्म्याहून जास्त अशी गेली, आणि कंपनीने जो कपातीचा आकडा सांगितला त्यात ती नव्हतीच. मग ट्रेनींच्या मुदती संपू दिल्या. मग सगळ्यांना साठलेल्या रजा घ्यायला लावून आठवडा-आठवडा कारखाना बंद. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना नोटीस बोर्डावर लागली.

ही योजना आल्यावर आधी कोण अर्ज करतं? ज्याला बाहेर नक्की काम मिळणार आहे तो. म्हणजे मेंटेनन्समधला मशिनचे कंट्रोल प्रोग्रॅम सांभाळणारा पीएलसीवाला, टूलरूममधला साचे बनवणारा डायमेकर, आणि आमचे स्टेशन ३१ वरचे ब्रेझिंगचे काका. ज्याला बाहेर कुणी विचारणार नाही तो चिकटून राहतो. पैसे मोजून कंपनी आपल्या सगळ्यात हुशार हातांना दार उघडून देते.

काकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘स्किल’ हा शब्द मीटिंगमध्ये फार वापरला जातो आणि तो कसा दिसतो हे मीटिंगमधल्या कुणी पाहिलेलं नसतं. कॉम्प्रेसरपासून निघालेल्या तांब्याच्या नळ्या कंडेन्सरला आणि बाष्पीभवनाच्या कॉइलला जोडायच्या असतात. एक नळी दुसरीत बसवायची, ज्योतीने सांधा तापवायचा आणि ब्रेझिंगचा रॉड टेकवायचा. रॉड ज्योतीने वितळवायचा नसतो, नळीच्या उष्णतेने वितळला पाहिजे, तरच तो दोन नळ्यांमधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढला जातो. कमी तापलं तर रॉड वर गोळा होऊन बसतो. दिसायला सांधा भरलेला, आतून पोकळ. जास्त तापलं तर बारीक नळी वितळून खाली बसते आणि आत काजळी धरते. हे सगळं काही सेकंदांत. काका तांब्याचा रंग बघायचे. मी ट्रेनी असताना त्यांनी मला दाखवलं होतं, “ताई, आत्ता नाही. आत्ता नाही. हां, आता.” त्या दोन ‘आत्ता नाही’ आणि ‘आता’ यांच्यात मला काडीचा फरक दिसला नव्हता. मान्य करते की आजही दिसत नाही.

बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आता आयसोब्युटेन असतो, आणि तोही शंभर ग्रॅमच्या आत. एवढ्याशा गॅसमधून रोज कणकण गळत राहिलं तर फ्रिज कारखान्यात पास होतो, दुकानात पास होतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी काही महिन्यांनी थंड करणं बंद करतो. हेलियमच्या चाचणीत बहुतेक गळत्या पकडल्या जातात. बहुतेक.

काका गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या स्टेशनवरचा एक चांगला मुलगा आठवडाभर शिकवून उभा केला. मुलगा मेहनती, चूक त्याची काही नव्हती. पण सांध्यांची रिवर्क, म्हणजे पुन्हा करायची कामं, वाढली, आणि पुढे वॉरंटीत कूलिंगच्या तक्रारीही वाढल्या. हा खर्च क्वालिटीच्या खात्यात, पुढच्या वर्षात गेला. कपातीची बचत मात्र चालू तिमाहीत, मनुष्यबळाच्या खात्यात दिसली. दोन आकडे एका पानावर कधीच आले नाहीत. मी आणून दाखवले असते, पण मला विचारलं कोणी?

शेवटी खरी यादी आली. ती बनवायचा नियम सेवाज्येष्ठतेचा होता: जो शेवटी आला तो आधी जाणार. हा नियम मला तत्त्व म्हणून पटतो. नाहीतर सुपरवायझरची मर्जी हाच नियम होतो, आणि मर्जीने बनवलेली यादी काय असते हे ज्याने बघितलंय तो ज्येष्ठतेच्या बाजूनेच मत देईल. पण त्याचाही हिशोब कुणाला तरी चुकवावा लागतो. आमच्या लाइनवर बायका उशिरा यायला लागल्या, म्हणून यादीत त्या जास्त. नवीन लीक टेस्टिंग मशिनवर ज्यांना खास ट्रेनिंग दिलं होतं तीही नवीन पोरं, म्हणून तीही यादीत. यादी टोकन नंबरने लागली होती, नावं नव्हती. लोक बोर्डासमोर उभं राहून खिशातलं ओळखपत्र काढून नंबर पडताळून बघत होते. स्वतःचा नंबर कुणाला पाठ नसतो का? असतो. तरी बघत होते.

युनियनने त्याआधी एक प्रस्ताव दिला होता. आठवड्याला चारच दिवस काम, सगळ्यांचाच पगार थोडा कमी, पण माणूस एकही काढायचा नाही. कंपनी म्हणाली, बॉयलर, कॉम्प्रेस्ड एअर, बसगाड्या, सगळ्यांचा खर्च तोच राहतो. ते खरंच आहे. पण हे कुठे चालतच नाही असं मात्र नाही. जर्मनीत ‘कुर्झारबाइट’ म्हणजे कमी तासांच्या कामाची पद्धत आहे: कामाचे तास कापले की बुडालेल्या पगारातला मोठा हिस्सा सरकारी रोजगार संस्था भरून देते. २००९ मध्ये त्या देशाचं एकूण उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घसरलं, ऐन भरात १४ लाखांहून जास्त लोक कमी तासांवर होते, आणि बेरोजगारी मात्र फारशी वाढली नाही. मागणी परतली तेव्हा माणसं जागेवरच होती. फरक इतकाच की तिथे तो मधला खर्च एकट्या कारखान्यावर पडत नाही. आमच्या युनियनच्या प्रस्तावात हीच बाजू रिकामी होती, ती भरायला टेबलावर तिसरं कुणी बसलेलंच नव्हतं. जर्मनी म्हणजे स्वर्ग असंही समजू नका. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या इलेक्ट्रोलक्सने न्यूरेंबर्गचा आपल्या एईजी ब्रँडचा कारखाना, साधारण १,७५० माणसांचा, २००७ मध्ये कायमचा बंद केला. आधी मोठा संप झाला, त्याने भरपाई वाढली, कारखाना वाचला नाही. कमी तासांची पद्धत हेलकाव्यावर चालते. काम दुसऱ्या देशात न्यायचं ठरलेलं असेल तर तिचा काही उपयोग नाही.

या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि कंपन्याही करू देतात. २००८ च्या ऑक्टोबरात व्हर्लपूलने जवळपास ५,००० नोकऱ्या कमी करणार असं जाहीर केलं, डिसेंबरात इलेक्ट्रोलक्सने ३,००० हून जास्त. अमेरिकेतला घरबांधणीचा धंदा कोसळला होता, त्यामुळे सगळ्यांना ते मंदीचंच वाटलं. पण २००९ मध्ये व्हर्लपूलने इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलचा फ्रिजचा कारखाना बंद करायचं ठरवलं, सुमारे १,१०० माणसांचा, तेव्हा ते काम मेक्सिकोला गेलं. मंदी गेली तरी ते परत येणारं नव्हतं. कामगाराने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: लाइन थांबतेय की लाइनचे साचे ट्रकवर चढतायत? साचे जागेवर असतील तर थांबण्यात अर्थ आहे. साचे निघाले असतील तर बाहेर नोकरी बघा, कुणी काही म्हणो.

आमचे साचे जागेवर होते. म्हणून मागणी वाढल्यावर काम आमच्याकडेच परतलं. आणि मागणी परतली तीही त्याच वहीतल्या हिशोबाप्रमाणे, ४० वरून ११० सारखी उसळी मारून. जगभर हेच २०२० नंतर मोठ्या प्रमाणावर झालं. आधी कारखाने बंद, मग घरात अडकलेल्या लोकांनी फ्रिज-फ्रीझर घ्यायचा सपाटा लावला, काही देशांत महिनोन्महिने वाट बघावी लागली, दुकानदारांनी घाबरून दुप्पट ऑर्डरी टाकल्या. २०२२ मध्ये मागणी खाली आली तेव्हा तोच माल दुकानदारांच्या अंगावर. इलेक्ट्रोलक्सने त्या वर्षी ३,५०० ते ४,००० नोकऱ्या कमी करायचं सांगितलं, आणि दुकानदारांकडच्या साठ्यामुळे घसरण आणखी तीव्र झाली हे कंपनीने स्वतःच म्हटलं होतं. वाचून मी हसले. फॉरेस्टर २०१६ मध्ये गेले, नाहीतर तेही हसले असते.

तर आमची लाइन पुन्हा ९०० वर न्यायची होती. एचआरने जुन्या लोकांना फोन लावले. बऱ्याच जणांचे नंबर बदललेले. काही जण आले, पण कंत्राटावर, कारण कायम जागा ‘फ्रीझ’ होत्या. जो माणूस पूर्वी पर्मनंट म्हणून ज्या स्टेशनवर उभा असायचा त्याच स्टेशनवर तो आता दुसऱ्या रंगाच्या शर्टात उभा, पगार कमी. काकांना मीच फोन केला. एका छोट्या वर्कशॉपमध्ये एअर कंडिशनरच्या कॉइलचं काम करत होते. म्हणाले, “ताई, येतो म्हणालो असतो गं. पण तुमचं काय, परत शेड भरली की परत मला फोन करून नको म्हणणार. इथे मालक स्वतः शेजारी बसून काम करतो. तो घाबरला तर मला लगेच दिसतं.”

लाइन ९०० वर जायला अपेक्षेच्या दुप्पट वेळ लागला. तोपर्यंत दुसऱ्या कंपन्यांनी माल दुकानात पोचवला होता.

तेव्हापासून मी माझ्या प्लॅनिंग शीटला एक रकाना जोडलाय. डाव्या बाजूला आम्हाला आलेल्या ऑर्डरी, उजव्या बाजूला दुकानांतून गिऱ्हाइकाच्या घरी प्रत्यक्ष गेलेला माल, वॉरंटी नोंदणीवरून काढलेला. नोंदणी सगळे करत नाहीत, उशिराही करतात, म्हणून तो आकडा कच्चा असतो. पण कल दाखवतो. सुरुवातीला साहेब म्हणायचे, हा रकाना रिव्ह्यूला दाखवू नकोस, सेल्सवाले चिडतात. आता दाखवू देतात, फक्त शेवटच्या पानावर.

गेल्या महिन्यात डावा रकाना १९ टक्क्यांनी खाली आहे, उजवा ४ टक्क्यांनी. प्लॅन डाव्यावर कापायचा की उजव्यावर, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरणार. मी उजव्यावरचा प्लॅन करून ठेवलाय: एक शिफ्ट कमी दिवस चालवायची, रिकाम्या दिवशी ब्रेझिंगचं ट्रेनिंग, आठ माणसं स्पेअर्सला, साठा किती आठवड्यांत उतरेल त्याचा तक्ता. अडकणाऱ्या पैशाचं व्याजही त्यात धरलंय, कारण पहिला प्रश्न तोच येणार. स्पेअर्सच्या बजेटचं खातं वेगळं आहे, हा दुसरा. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही, म्हणून आज स्पेअर्सच्या मॅनेजरांना कँटीनमध्ये गाठलं. ते म्हणाले, “मेल टाक, माणसं मलाही हवी आहेत, पण तुझ्या साहेबांनी विचारायला हवं.” मेल लिहून ठेवलाय. साहेबांना सीसीत ठेवू की मुख्य पत्त्यात, एवढंच ठरायचंय.